दिव्यांच्या वळलेल्या शेपट्या

१

"काका, हा फोटो तुम्ही मुद्दाम हलवलात, की तुमचा हात हलला?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि दालनातली कुजबुज बंद पडली. कुणाचा तरी कप बशीत वाजला, तेवढाच. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर फोटो क्लबचं वार्षिक प्रदर्शन लागलं होतं. पहिल्या बक्षिसाच्या फोटोपुढे गर्दी जमली होती आणि त्या गर्दीच्या ऐन मधोमध पाठीवर दप्तर घेऊन भिंगरी उभी होती. मागे खांबाआड तिची तीन जणींची टोळी हसू दाबून लालबुंद झाली होती. "विचारून दाखव" असं त्यांनी म्हणायचा अवकाश, हिने विचारून दाखवलं होतं. गेल्या वर्षापर्यंत हीच मुलगी वर्गात हजेरी देतानाही स्वतःच्या बुटांशी बोलायची. यंदा वादविवाद स्पर्धेत तिने समोरच्या संघाला असं काही गुंडाळून ठेवलं, की तेव्हापासून जिभेचा ब्रेक निघाला तो निघालाच. पाय तर जन्मापासूनच एका जागी ठरत नव्हते. घरात तिला भिंगरी म्हणायचे ते काही लाडाने नव्हे, वैतागून.

क्लबचे सेक्रेटरी चिडले नाहीत. उंच, पांढरे केस, हातात काठी. त्यांनी मोठ्या कौतुकाने तिच्याकडे पाहिलं.

"मुद्दाम, बाळ! अगदी ठरवून. एरवी कॅमेरा हलला की फोटो वाया. इथे आम्ही शटर पाव सेकंद उघडं ठेवतो आणि तेवढ्यात कॅमेराच हलवतो. मग रस्ता वाहायला लागतो, दिवे धावायला लागतात. हा फोटो घेताना कॅमेरा असा नेला, डावीकडून उजवीकडे, सरकन!" त्यांनी हवेत हात फिरवला. टाळ्या पडल्या.

भिंगरीनेही वाजवल्या. उत्तर झकासच होतं. मग तिने फोटोकडे नीट पाहिलं.

संध्याकाळचा चौक. दोन माणसं दाराएवढा आरसा घेऊन रस्ता ओलांडताहेत. दुकानं, गाड्या, माणसं, सगळ्यांच्या आडव्या रेघा झालेल्या. पुढचा आरसेवाला तेवढा स्वच्छ: कपाळ, नाक, गालावरचा घाम. त्याच्या टोपीवर मात्र एक पुसटशी दुसरी टोपी तरंगत होती. आणि मागचे सगळे दिवे लांबच लांब ओढले गेले होते, प्रत्येकाला उजव्या टोकाशी वर वळलेली एक इवलीशी शेपटी.

आत्याने तिला एकदा समजावलं होतं, की हलत्या कॅमेऱ्यात फक्त एकच माणूस स्पष्ट येतो: ज्याच्याबरोबर कॅमेरा चालतो तो.

आरसेवाल्याचं नाक डावीकडे होतं.

म्हणजे तो डावीकडे चालला होता. म्हणजे कॅमेराही डावीकडेच गेला होता. मग सेक्रेटरी उजवीकडे काय म्हणून सांगताहेत? स्वतः काढलेला फोटो माणूस उलटा कसा सांगेल?

भिंगरीने पुन्हा तोंड उघडलं, तोच तिला दारात पोपटी जाकीट दिसलं. तिची आत्या. आत्या फोटोकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडत उडत पार गेला, आणि ती वळून जिना उतरायला लागली.

२

"आत्या! अगं थांब ना!"

तिसऱ्या वळणावर भिंगरीने तिला गाठलं. आत्या कठड्याला धरून उभी होती.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. यांच्याच घरात मागच्या खोलीत राहायची. सोमवार ते शनिवार एका स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायची. दिवसभर लोकांना सांगायचं, हलू नका, हलू नका. आणि सुट्टी मिळाली की रस्त्यावर जाऊन कॅमेरा हलवत बसायचं. बाबा म्हणायचे, "हिला पगार सरळ फोटोंचा मिळतो आणि जीव वाकड्यात अडकलाय."

"काय झालं?" भिंगरीने विचारलं.

"तो आरसा," आत्या म्हणाली. "मी बघितला होता गं. दोन महिन्यांपूर्वी क्लबची फेरी होती ना, त्या दिवशी. तो पुढचा माणूस समोर आला, मी त्याच्या चालीने कॅमेरा फिरवला आणि मला आतून कळलं, की हा जमला. आयुष्यात पहिल्यांदा असं कळलं. आणि रोल धुऊन आला तर त्यात आरसाच नाही. नुसत्या सरळसोट रेघा. मला वाटलं, मी बटण दाबलंच नसेल. भास झाला असेल." तिने वर दालनाकडे पाहिलं. "सेक्रेटरींनी मात्र घेतला. भास नव्हता तर. मीच चुकले."

"एवढ्यावरून चुकलीस कशी?"

"एवढ्यावरून नाही. वर्षानुवर्षं हेच चाललंय. जमलं असं वाटतं आणि हातात काही येत नाही. पुरे झालं आता. रविवारी संध्याकाळी कॅमेरा घ्यायला माणूस येतोय. माझ्या बाजूने मी शब्द दिलाय."

भिंगरीच्या पायांनी जिन्यातच थयथयाट सुरू केला. पहिलं बक्षीस म्हणजे नुसता करंडक नव्हता. दुसऱ्या शहरातल्या एका ज्येष्ठ छायाचित्रकार बाईंजवळ तीन आठवडे राहून शिकायला मिळणार होतं. आत्या त्या बाईंचे फोटो कापून उशीखाली ठेवायची. आणि ती आता कॅमेराच देऊन टाकणार होती, एका न सापडलेल्या फोटोपायी.

"आत्या, तुझ्या रोलमधला फोटो कुणी चोरला असेल तर?"

"वेडी आहेस का? निगेटिव्हची पट्टी अख्खी आहे माझ्याकडे, छत्तीसच्या छत्तीस चौकटी. त्यातून एकच कशी चोरणार?"

भिंगरीने बोटांवर दिवस मोजले. रविवारच्या संध्याकाळपर्यंत अजून दोन दिवस होते.

३

क्लबची फेरी म्हणजे काय प्रकार असतो, ते तिला शनिवारी सकाळी हायपोने सांगितलं.

हायपो हा क्लबचे रोल धुणारा लॅबवाला. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. फोटो पक्का करायच्या औषधाचं नाव त्याला चिकटलं होतं आणि वासही. तळघरातल्या लॅबमध्ये व्हिनेगरसारखा आंबूस दर्प होता. हायपो दोरीवर ओल्या पट्ट्या चिमट्यांनी अडकवत होता.

"चोरी? माझ्या लॅबमध्ये?" तो गरजला. "पोरी, इथून धूळसुद्धा माझ्या परवानगीशिवाय जात नाही!"

"दिसतंय," भिंगरी कपाटावरून बोट फिरवून म्हणाली. हायपो हसला आणि मग सरळ बोलायला लागला.

वर्षातून दोनदा क्लबचे सहा जण एका चौकात जमायचे. सगळ्यांचे रोल एकाच जातीचे. चौकाभोवती सहा जागा ठरलेल्या, कुणाला कुठली ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. सेक्रेटरी त्याची यादी करून आदल्या दिवशीच हायपोकडे पोचवायचे. फेरी संपली की ज्याने त्याने आपल्या रोलवर फक्त जागेचा आकडा लिहून तो डब्यात टाकायचा. नाव लिहायचं नाही, म्हणजे बक्षीस ठरवणाऱ्यांना कुणाचा रोल कुठला हे कळू नये.

"मग परत कसे देता?"

"यादी बघून. माझ्या डोक्यावर कोण विश्वास ठेवतो?" त्याने भिंतीवरचा कागद दाखवला. सेक्रेटरींचं टपोरं अक्षर. दोन नंबरपुढे आत्याचं नाव, पाचपुढे सेक्रेटरींचं.

"आरशाचा फोटो पाच नंबरच्या रोलमधला?"

"हो तर. ही त्याची प्रत." हायपोने एक मोठा कागद काढला. त्यावर छत्तीसही फोटो तिकिटाएवढे छापले होते. भिंगरीने भिंग लावलं आणि तिची बोटं थांबली.

फक्त आरशाच्याच नव्हे, प्रत्येक फोटोतल्या दिव्यांना शेपट्या होत्या. रेघ कधी तिरपी, कधी आडवी, पण शेवटी वर वळलेली तीच शेपटी. छत्तीस वेळा.

"हे काय आहे?"

हायपोने भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं. "दिवा तर हलत नाही. हलतो तो कॅमेरा. कॅमेरा डावीकडे नेला की दिवे उजवीकडे धावतात. कॅमेरा खाली आला की दिवे वर चढतात. म्हणजे हा जो कोण आहे, तो प्रत्येक फोटोच्या शेवटी कॅमेरा एक झटका खाली नेतो." तो डोकं खाजवायला लागला. "पण सेक्रेटरींचे रोल मी गेली वीस वर्षं धुतोय. त्यांच्या दिव्यांना शेपट्या कधी नव्हत्या."

४

विचार करायला भिंगरीला चालावं लागायचं. ती चौकाला चार फेऱ्या मारून आली, वाटेत दोन माणसांवर आणि एका दाराच्या पाटीवर आदळली, आणि शेवटी आत्याच्या स्टुडिओत जाऊन धडकली.

स्टुडिओत रांग होती. एक बाई आपल्या तान्ह्याला स्टुलावर बसवायचा प्रयत्न करत होती आणि ते बाळ वितळल्यासारखं खाली घसरत होतं. मालक काउंटरवर कात्रीने फोटो कापत होते.

"तुझी भाची आली बघ," मालक आत्याला म्हणाले. "तिला म्हणावं, कुठे तरी बस. मला चक्कर येते तिच्याकडे बघून."

"बसते ना," भिंगरी म्हणाली, आणि उभीच राहिली.

आत्याने बाळाच्या आईला मागे उभं केलं, कॅमेरा डोळ्याला लावला. "हलू नका हं... झालं!"

पुढचा. एक पोलीस. "हलू नका... झालं!"

पुढच्या आजी. "डोळे उघडे. हलू नका... झालं!"

प्रत्येक "झालं"बरोबर आत्या मान हलवत होती. होकारार्थी, एकदाच, खाली. समोरच्या माणसाला सुटका झाल्याची खूण. दिवसाला साठ-सत्तर जणांना, अशी अकरा वर्षं. आणि कॅमेरा डोळ्याला चिकटलेला असताना मान हलली, की कॅमेराही खाली जात होता.

इथे काही बिघडत नव्हतं. स्टुडिओतल्या झगझगीत उजेडात फोटो मान हलायच्या कितीतरी आधी निघून जायचा. पण रस्त्यावर, शटर पाव सेकंद उघडं असताना?

भिंगरी मटकन स्टुलावर बसली. थेट त्या आजींच्या मांडीवरच, पण ते तिला नंतर कळलं.

त्या शेपट्या म्हणजे आत्याची मान होती.

पाच नंबरच्या रोलमधल्या छत्तीसच्या छत्तीस फोटोंत आत्या "झालं" म्हणत होती. आणि त्या रोलपुढे यादीत नाव होतं सेक्रेटरींचं.

५

"मान हलते म्हणून फोटो माझा? असं कोण ऐकेल?" आत्या म्हणाली. फोटो कापण्याच्या टेबलाशी उभ्याउभ्या दोघींची खलबतं चालली होती. "कुणाचीही हलू शकते. ते इतक्या वर्षांचे सेक्रेटरी. उद्या अख्ख्या क्लबसमोर मी शेपट्या दाखवत बसू?"

"पण फेरीच्या दिवशी तू कुठे उभी होतीस?"

"औषधांच्या दुकानाच्या पाटीखाली." तेवढ्यात पुढचं गिऱ्हाईक आलं आणि आत्या कॅमेऱ्याकडे गेली.

औषधांचं दुकान म्हणजे कितवी जागा, ते भिंगरीला माहीत नव्हतं, आणि आत्याची रांग काही संपेना. मग ते सांगणारी एकच बाई उरली: क्लबमधली दातांची डॉक्टर. फेरीच्या दिवशी रोलचा डबा तिच्याकडे होता.

डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत एक पेशंट आ करून पडला होता. "विचार तू, यांना काही घाई नाही," बाई म्हणाल्या. पेशंटने घशातून निषेध नोंदवला.

"डबा पूर्ण वेळ तुमच्याजवळच होता?"

"माझ्या पर्समध्ये. आणि माझ्या पर्समध्ये हात घालायची माझ्या नवऱ्याची छाती नाही." पेशंट हसला, बाईंनी त्याचा जबडा धरला. "हसायचं नाही."

"सेक्रेटरीकाका त्या दिवशी कुठे होते?"

"बँकेसमोरच्या बाकावर. त्यांचा गुडघा इतका सुजलेला, की फेरी संपेपर्यंत ते उठलेच नाहीत. बसल्याबसल्या कॅमेरा फिरवत होते बिचारे."

"बँक म्हणजे कितवी जागा?"

"दोन."

"आणि औषधांचं दुकान?"

"पाच. बरोबर समोर. तुझी आत्या उभी होती की तिथे, ते पोपटी जाकीट घालून. वाहनं हॉर्न वाजवून जात होती तिला बघून."

भिंगरीने यादी आठवली. दोन आत्या, पाच सेक्रेटरी. बाईंनी सांगितलेलं बरोबर उलटं.

"त्यांनी जागा बदलल्या होत्या?"

"आयत्या वेळी. बाक फक्त दोन नंबरला आहे ना! त्यांनी विचारलं, तुझ्या आत्याने हो म्हटलं. मग दोघांनीही रोलवर आपण उभे होतो तोच आकडा लिहिला. माझ्यासमोर." बाई थबकल्या. त्यांच्या हातातला छोटा आरसा पेशंटच्या तोंडात तसाच राहिला. "अगं बाई. हायपोकडची यादी कुणी बदलली?"

कुणीच नाही. भिंगरी तोपर्यंत दाराबाहेर पोचली होती.

चोरी झालीच नव्हती! आत्याचा रोल यादीप्रमाणे सेक्रेटरींकडे गेला होता आणि सेक्रेटरींचा आत्याकडे. सरळसोट रेघांचा तो रोल, जो बघून आत्याने स्वतःला मोडीत काढलं होतं, तो तिचा नव्हताच.

पण मग दुसरा प्रश्न जास्त बोचरा होता. यादी सेक्रेटरींनीच केली होती. त्यांना हे कळलं नसेल? की कळलं होतं?

६

रविवारी सकाळी भिंगरीने आत्याच्या कपाटातून तो लिफाफा काढला. आत्या अंथरुणावर बसून कॅमेऱ्याची काच पुसत होती, विकण्याआधी शेवटची.

"तू हा रोल किती वेळा बघितलास?"

"एकदा. खिडकीशी धरून. आरसा नाही म्हटल्यावर ठेवून दिला."

भिंगरीने पट्ट्या खिडकीच्या काचेवर चिकटवल्या. रेघा, रेघा, रेघा. कुठेही शेपटी नाही. बाराव्या चौकटीशी ती थांबली. ती चौकट फसली होती. म्हणजे हलायची ती हललीच नव्हती. सेक्रेटरींचा हात तेवढा एकदा स्थिर राहून गेला असणार. समोरचा पदपथ दिसत होता, दुकानाची पाटी दिसत होती, आणि पाटीखाली कुणीतरी लालसर गुलाबी कपड्यातलं उभं होतं.

"ही कोण गं, गुलाबी?"

"असेल कुणी," आत्या म्हणाली. "निगेटिव्हमध्ये सगळे रंग उलटे..." आणि ती बोलता बोलता थांबली.

भिंगरीने मोबाइलने त्या चौकटीचा फोटो घेतला आणि रंग उलटे केले. पडदा आधी निळसर झाला. मग त्यातून औषधांच्या दुकानाची पाटी वर आली, आणि पाटीखालचा गुलाबी रंग पोपटी झाला. चेहरा दिसत नव्हता. चेहऱ्यापुढे कॅमेरा होता.

आत्याने मोबाइल हातात घेतला आणि दोन बोटांनी ते जाकीट मोठं करून बघितलं.

"मी स्वतःच्या रोलमध्ये कशी असेन?" ती हळूच म्हणाली.

"नसशीलच! बँकेसमोरून तुझा फोटो निघालाय. बाकावर बसलेल्या माणसाने काढलाय. चल माझ्याबरोबर वाचनालयात!"

"नाही." आत्याने जाकिटाची कड मुठीत धरली. "त्यांनी मला क्लबमध्ये घेतलं, भिंगरी. मला कुणी ओळखत नव्हतं तेव्हा. मी त्यांच्यावर बोट नाही रोखणार. पाच वाजता स्टुडिओत तो कॅमेऱ्याचा माणूस येतोय. मी तिथे असेन."

७

बक्षीस समारंभ सहाचा. साडेचारला दालनात क्लबचे लोक खुर्च्या मांडत होते. भिंगरीने त्यांतल्या सहा ओढल्या आणि मधोमध गोलाकार ठेवल्या.

"काय गं हे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"काका, ही माझी टोळी आलीय, तिला तुमच्या फेरीबद्दल सांगायचंय. हा चौक. ही एक नंबरची जागा, ही दोन, इथे बाक, अशा सहा. फेरीच्या दिवशी तुम्ही सगळे कसे होतात? जरा आपापल्या जागेवर जाता?"

पोरीचा खेळ म्हणून सगळे हसत हसत गेले. डॉक्टरीणबाई तीनला. इतर दोघं एकला आणि सहाला. चौथा सभासद चारला, पंख्याखाली बसला आणि तिथून पुन्हा उठायला तयार नव्हता. सेक्रेटरी काठी टेकत आले आणि गुडघा धरून, सुस्कारा टाकत, दोन नंबरच्या खुर्चीत बसले.

पाच नंबरची खुर्ची रिकामी राहिली.

हायपो दारातून बघत होता. त्याने एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा भिंतीवर, आरशाच्या फोटोखालच्या चिठ्ठीकडे. तिथे सेक्रेटरींच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: जागा क्रमांक पाच.

 भिंगरीने पाठ केलेलं भाषण होतं: नाक, शेपट्या, यादी, पोपटी जाकीट. वादविवादात मारतात तसे मुद्दे. पण सेक्रेटरी त्या रिकाम्या खुर्चीवरून नजर काढत नव्हते, आणि तिला ते सगळे मुद्दे मोठ्याने बोलवेनात. तिने मोबाइल त्यांच्या हातात दिला.

"बारावी चौकट आहे," ती म्हणाली. "आत्याकडे आलेल्या रोलमधली. आणि तो आरसेवाला डावीकडे चाललाय, काका."

त्यांनी बघितलं. मग चष्मा काढला.

"रोल आला तेव्हा खरंच कळलं नव्हतं," ते म्हणाले. "छत्तीस वेळा कॅमेरा हलवल्यावर कुणाला काय आठवतं? सगळंच पुसट. पहिल्यांदा वाटलं, अरे, मला जमलं! दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी आरसा नीट बघितला आणि लक्षात आलं, की बाकावरून मला आरसा दिसलाच नव्हता. मधे बस उभी होती."

"मग बोलला का नाहीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज धारदार झाला होता.

"चौतीस वर्षं मी या भिंतीवर तुमचे फोटो लावतोय. खिळे मी ठोकतो, चिठ्ठ्या मी लिहितो, खुर्च्या मी मोजतो. माझ्या फोटोपुढे आजवर कुणी थांबलं नाही. परवा थांबले." ते भिंगरीकडे वळले. "तू तो प्रश्न विचारलास, तेव्हा पहिल्यांदा मला कुणी तरी विचारत होतं, की हे कसं केलंत. मी लगेच हात फिरवून दाखवला. आणि हात चुकीच्या बाजूला गेला, हे मला रात्री अंथरुणात कळलं."

ते उठले. आरशाच्या फोटोखालची चिठ्ठी त्यांनी स्वतः सोलून काढली, खिशातलं पेन काढलं आणि नवीन चिठ्ठीवर आत्याचं नाव लिहिलं. अक्षर आज टपोरं आलं नाही.

"किती वाजले?" भिंगरीने विचारलं.

"पावणेपाच," हायपो म्हणाला.

"बापरे!"

८

ती स्टुडिओत घुसली तेव्हा गिऱ्हाईक कॅमेरा डोळ्याला लावून बघत होतं आणि आत्या काउंटरवर पट्ट्याची घडी करत होती. भिंगरीला धाप लागून बोलता येईना. तिने नुसती मान जोरजोरात हलवली. मागून रिक्षातून सेक्रेटरी आले, काठी टेकत, आणि दारातच म्हणाले, "तो फोटो तुमचा आहे. मी सगळ्यांना सांगून आलोय. तुमच्याकडे माफी मागायला आलोय, ती द्यायची की नाही ते तुमच्यावर."

आत्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग गिऱ्हाइकाच्या हातातून कॅमेरा अलगद काढून घेतला. "माफ करा, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. हा विकायचा नाही."

 मग तिने सेक्रेटरींकडे एक खुर्ची ओढली, त्यांच्या गुडघ्यासाठी.

खरं तर इथे सगळं आटपायला हवं होतं. पण शनिवारची उरलेली कापाकापी करत बसलेल्या मालकांनी कात्री खाली ठेवली. "अभिनंदन," ते म्हणाले. "पण तीन आठवडे रजा? आत्ता? सुट्ट्यांत पासपोर्टवाल्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते. कॅमेऱ्याशी मी उभा राहीन, पण काउंटर कोण सांभाळणार? दिवे, कापाकापी, नावं लिहिणं? माणूस आणून दे आणि जा."

"असू दे," आत्या म्हणाली. "फोटो माझा होता एवढं कळलं, खूप झालं." आणि ती हसली. भिंगरीला ते हसू अजिबात आवडलं नाही. कॅमेरा पुसून ठेवतानाही आत्या असंच हसली होती.

आत्या सेक्रेटरींना रिक्षापर्यंत सोडायला गेली. भिंगरी काउंटरपाशी वळली. "काका, मला कात्री देता?"

मालकांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू? तू दोन मिनिटं उभी राहून दाखव."

ती अर्धा तास उभी राहिली. पहिल्या पानावरच्या चार माणसांचे कान तिने कापले. दुसऱ्या पानावर एकच. तिसऱ्या पानावर सगळ्यांचे सगळे कान शाबूत होते.

रात्री जेवणाच्या टेबलाशी आई वाढत होती आणि बाबा आत्याला म्हणत होते, "मिळालं ना नाव? झालं तर मग. आता हे खूळ..." आत्या ताटाकडे बघत होती.

भिंगरी खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"आई, बाबा, मला सांगायचंय. उद्यापासून सुट्टी लागतेय. सकाळी नऊ ते दोन मी आत्याच्या स्टुडिओत काउंटरवर बसणार आहे. तीन आठवडे. मालक तयार आहेत, मी विचारून आलेय. आत्या गुरुवारच्या गाडीने जातेय."

"आणि गणिताचा क्लास?" आईच्या हातातला डाव हवेतच राहिला. "नाव घातलंय तुझं!"

"काढा. गणित मी दुपारी घरी करेन, रोज, हवं तर तुमच्यासमोर बसून. बाबा, तुम्ही डोळे मोठे करू नका. मी परवानगी मागत नाहीये. मी ठरवलंय, आणि तुम्हाला सांगतेय."